गोष्टीसाठी कल्पना कुठून आणता? माझ्याकडे विषय आहेत, गोष्ट नाही

कोरं पान

कथा लिहिणाऱ्या सगळ्यांना एक प्रश्न.

मी आतापर्यंत लिहिलेल्या कथा माझ्याच आयुष्यातून आल्या. पहिली नोकरी, एक लांबलेलं आजारपण, घर बदलताना झालेली भांडणं. तो साठा आता संपलाय आणि पुन्हा तेच उगाळायचं नाहीये. वाक्यं लिहायला मला अडत नाही, संवाद तर मी आवडीनं लिहिते. अडतं ते त्याच्या आधी. लिहायचं काय?

मध्ये विषयांची यादी करून पाहिली: एकटेपणा, म्हातारपण, भावाभावांतला दुरावा, विश्वासघात. प्रत्येकावर अर्धं-एक पान लिहून झालं, पण त्यात कुणी जागचं हलत नाही. निबंध होतो. आणि एखादी कल्पना आलीच, तर लगेच वाटतं की हे कुणीतरी आधी लिहिलं असणार.

एक वही मात्र ठेवली आहे. तिच्यात काहीबाही टिपत असते. त्यातल्या चार नोंदी इथे देते, कारण यांचं पुढे काय करायचं हेच मला कळत नाही.

– ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीत एका पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथून पुढे वाचू नकोस.'

– वरच्या मजल्यावर रोज रात्री कुणीतरी कपाट सरकवतं. आवाज रोज एकाच दिशेनं जातो. परत येतानाचा आवाज मी कधीच ऐकलेला नाही.

– मावशी मुदत संपायच्या आत दर वेळी पासपोर्ट नवा करून घेते. ती देशाबाहेर एकदाही गेलेली नाही.

– दवाखान्यात फॉर्म भरणारा एक माणूस 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यापाशी थांबला. एक नाव लिहिलं, खोडलं आणि फॉर्म तसाच देऊन टाकला.

तुम्हाला कल्पना कुठून मिळतात? त्यातली कुठली धरायची आणि कुठली सोडायची हे कसं ठरवता? आणि घरातल्या माणसांवर लिहिलं तर चालतं का? मावशी माझं सगळं वाचते.

संध्याकाळची गाडी

विषयांची यादी बाजूला ठेवा आणि वस्तूंची करा. अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरी तरुणपणी अशा याद्या करायचे: तळं, गर्दी, घळ, बरणी, सांगाडा. नुसती नामं, एकाखाली एक. मग त्यातलं एक उचलायचं आणि हेच आपल्या मनात का आलं याचा माग काढत लिहीत सुटायचं. तळ्यावरची त्यांची कथा अशीच आली, १९४२ साली, ते बावीस वर्षांचे असताना. आपल्या हातून पहिल्यांदाच काहीतरी खरोखर चांगलं उतरलं असं त्यांना त्या कथेनंतर वाटलं. 'एकटेपणा' लिहिलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. 'बरणी' लिहिलं की लगेच तिच्यात काय आहे असा प्रश्न पडतो.

दुसरा एक खेळ जान्नी रोदारी या इटालियन लेखकाचा. मुलांसाठी लिहायचे, आणि गोष्टी रचण्याच्या युक्त्यांवर त्यांनी १९७३ साली एक पुस्तकच काढलं. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मग विभक्ती बदलत जायचं: कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कपाट घेऊन निघालेला कुत्रा, कुत्र्याचं कपाट. कपाटातल्या कुत्र्याचं मला फार काही वाटत नाही. पण कुत्र्याचं कपाट म्हटल्यावर ते कुणी करून दिलं, त्यात काय ठेवलं आहे, कुत्रा गेल्यावर ते कुणाच्या वाट्याला आलं, असं सुरू होतं. शब्द लांबचे हवेत एवढी अट. कुत्रा आणि घोडा घेतलेत तर दोघं शेजारी उभे राहतात आणि काहीच घडत नाही.

मी हे सकाळी कामाला निघायच्या आधी करतो. बहुतेक दिवशी निघालेलं टाकून देतो. हात चालता राहतो, मला ते पुरतं.

टाकबोरू

मी एका मासिकाकडे येणाऱ्या कथा वाचते, पहिली चाळणी माझ्याकडे असते. त्यामुळे कल्पना कुणाला कुठे सुचली हे मला दिसत नाही, पण कागदावर आल्यावर ती तग धरते की नाही हे रोज दिसतं. तिथून बोलते आहे.

विषयातून निघालेली कथा दुसऱ्या पानावर ओळखू येते. तिच्यात सगळी पात्रं एकाच बाजूनं बोलतात. म्हातारपणावर कथा असेल तर म्हातारा एकटा असतो, सून तुटक असते, शेजाऱ्यांना वेळ नसतो आणि पाऊसही नेमका त्याच संध्याकाळी येतो. लेखकाला विरोध करणारं कुणीच नसतं. तुमच्या पानांत कुणी हलत नाही ते यामुळे. विषय ठरवला म्हणजे निष्कर्ष ठरवला, मग पात्रांना करण्यासारखं उरतं काय? विषय वाचणाऱ्याला शेवटी सापडतो. लिहिणाऱ्याला तो आधी माहीत नसला तरी काही बिघडत नाही, उलट बरंच असतं.

दुसरी जात किश्श्यांची. 'हे खरंच घडलं आहे' असं सोबतच्या पत्रात आवर्जून लिहिलेलं असतं. किस्सा घरच्यांत रंगतो कारण तो पूर्ण असतो: सुरुवात आहे, गंमत आहे, शेवट आहे. म्हणूनच त्याची कथा होत नाही. सांगणाऱ्याला त्यात शोधायचं काही राहिलेलं नसतं, तो फक्त आठवून सांगत असतो. मी लिहिणाऱ्यांना नेहमी सांगते की ज्या प्रसंगातलं सगळं तुम्हाला कळलं आहे तो गप्पांना ठेवा, आणि ज्यातली एक गोष्ट अजून कळलेली नाही तो वहीत लिहा.

आता तुमच्या चार नोंदी बघा. चारही ठिकाणी काहीतरी कळलेलं नाही. समासात ते कुणी लिहिलं, कपाट परत कधी जातं, मावशीला पासपोर्ट कशाला हवा, त्या माणसानं नाव का खोडलं. तुम्ही न ठरवता नेमक्या कामाच्या गोष्टी टिपल्या आहेत. आणि टिपताना 'बिचारा', 'विचित्र', 'उदास' असं काही चिकटवलं नाहीत. हे मला फार आवडलं. 'दवाखान्यात एक एकाकी माणूस दिसला' अशी नोंद असती तर ती मेलेलीच असती. नाव लिहिलं, खोडलं, फॉर्म दिला, यात तो माणूस जिवंत आहे.

मग पुढे सरकत का नाही? कारण तुम्ही एकेक नोंद वेगळी घेऊन तिच्याकडे बघत बसता आहात.

माझं ठाम मत आहे की गोष्टीची कल्पना एका तुकड्यात येत नाही. दोन तुकडे लागतात. ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात, आणि 'सुचलं' असं आपण म्हणतो तेव्हा दुसरा हाती आलेला असतो. पहिला कितीतरी दिवस कुठेतरी पडून असतो, आणि तो कल्पना आहे हे आपल्याला माहीतही नसतं.

टॉलस्टॉयचं उदाहरण देते, कारण त्यात दोन्ही तुकड्यांच्या तारखा सापडतात. १८९६ च्या जुलैमध्ये ते नांगरलेल्या शेतातून जात होते. सगळीकडे काळी माती, आणि तिच्यात काटेरी झुडपाचं एकच रोप. फांद्या मोडलेल्या, धुळीनं काळवंडलेलं, तरी जिवंत, आणि मधोमध लालसर. त्यांनी डायरीत लिहिलं की याला बघून हाजी मुरादची आठवण झाली, लिहावंसं वाटतं. हा हाजी मुराद म्हणजे कॉकेशस या डोंगराळ मुलखातला लढवय्या. १८५१ साली तो रशियनांना येऊन मिळाला, पुढच्या वर्षी पळून जायच्या प्रयत्नात मारला गेला. तरुण टॉलस्टॉय त्या वेळी कॉकेशसमध्येच होते. म्हणजे पहिला तुकडा चाळीसहून अधिक वर्षं त्यांच्याजवळ होता आणि त्यातून काही उगवलं नव्हतं. एवढं लिहिलेल्या माणसाकडे! रोप दिसलं आणि तो जागा झाला. नुसतं रोप दिसलं असतं तर डायरीतलं एक छान वर्णन झालं असतं, बस. पुढे त्यांनी त्यावर कितीतरी वर्षं काम केलं आणि ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ साली बाहेर आलं.

म्हणून वहीचा उपयोग करायचा तो असा: एक नोंद घेऊन तिच्यावर विचार करू नका. दोन नोंदी शेजारी ठेवा आणि एकीचा प्रश्न दुसरीला विचारा. वरच्या उत्तरातला शब्दांचा खेळ चांगला आहे, पण शब्द कुठूनही आलेले असतात. नोंदी तुम्ही निवडलेल्या आहेत, त्यांच्यामागे तुमचं काहीतरी आधीच अडकलेलं आहे. म्हणून मला नोंदींवर जास्त भरवसा वाटतो.

करूनच दाखवते. तिसरी आणि चौथी घेऊ.

पासपोर्टच्या अर्जातही 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' असा रकाना असतो. म्हणजे कुठेही न जाणाऱ्या मावशीनं दर दहा वर्षांनी त्या रकान्यात कुणाचं तरी नाव लिहिलेलं आहे. कुणाचं? या वेळी अर्ज संगणकावर भरायचा आहे, तिला ते जमत नाही, म्हणून भाची भरून देते आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भाचीला पाठ आहे. त्या रकान्याशी ती स्वतःचंच नाव टाकायला लागते, इतकं ते गृहीत आहे. मावशी म्हणते, थांब. आणि घरात कुणी कधी न ऐकलेलं नाव सांगते. फोन नंबर पाठ आहे तिला.

बघा, आता खोलीत दोन माणसं आहेत आणि दोघींना वेगळं काहीतरी हवं आहे. भाचीला कळून घ्यायचं आहे, मावशीला फॉर्म पुढे सरकवायचा आहे. हातात चालू काम आहे, ते संपलं की बोलायची संधी जाईल. एकटेपणा हा शब्द कुठेही आलेला नाही.

आता ते नाव कुणाचं? इथे माझा एक नियम आहे, आणि तो मी सगळ्यांना सांगते. पहिलं उत्तर खोडायचं. पहिलं उत्तर म्हणजे परदेशी गेलेला जुना प्रियकर. मला लगेच आलं, तुम्हालाही आलं असेल, वाचणाऱ्याला तर आधीच येतं. दुसरं, दुरावलेली बहीण. तेही खोडा, कारण तेही आपण अनुभवातून नाही, वाचनातून उचलतो. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला जरा थांबावं लागतं. मी थांबले तेव्हा मला असं आलं: त्या बाईला मावशीनं कधीकाळी नोकरीवरून काढलं होतं, आणि तेही चूक तिची नसताना. तरी आपल्याला काही झालं तर हीच धावत येईल अशी खात्री मावशीला जगात फक्त तिच्याबद्दल आहे. हे मला खरं वाटतं, आणि का खरं वाटतं ते पूर्ण सांगता येत नाही. अशा जागी मी लिहायला सुरुवात करायला सांगते. तुमचं उत्तर वेगळं असेल, असायलाच हवं.

कुठली धरायची आणि कुठली सोडायची, या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. जोडीतून असं माणूस निघालं की ज्याला आज, या घटकेला काहीतरी हवं आहे आणि ते सहज मिळण्यासारखं नाही, तर धरा. निघालं नाही तर नोंद खोडू नका, नुसतं पान उलटा. कपाटाची नोंद मला आज तशी वाटते. तिच्यातून लगेच भूत किंवा प्रेत निघतं, म्हणजे ती अजून एकटी आहे.

आणि काही सुचत नाही तो काळ वाया जातो असं मानू नका. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ काही मित्र पावसानं घरात अडकले होते. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्या राखेनं युरोपातला तो सगळा उन्हाळा गार आणि ओला गेला. प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांनी पुढे त्या कादंबरीच्या १८३१ च्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की रोज सकाळी त्यांना विचारायचे, गोष्ट सुचली का, आणि रोज खजील होऊन नाही म्हणावं लागायचं. त्या दिवसांत त्या काय करत होत्या? रात्री उशिरापर्यंत बाकीच्यांच्या गप्पा ऐकत होत्या: जीव म्हणजे काय, मेलेलं शरीर विजेच्या धक्क्यानं हलवता येईल का. मग एका रात्री झोप येईना, आणि आपणच जुळवून उभ्या केलेल्या देहाशेजारी घाबरून बसलेला तरुण त्यांना मिटल्या डोळ्यांपुढे दिसला. भुताची गोष्ट हवी ही गरज एक तुकडा, त्या गप्पा दुसरा. 'नाही' म्हणण्याच्या सकाळी त्या ऐकत होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मोजदाद

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे, कथा लिहिते. वरच्या उत्तरात एक भर घालते.

माझ्या कल्पना कामातून येतात, आणि कामातून म्हणजे रुग्णांच्या दुःखातून नव्हे. ते त्यांचं आहे, मी त्याला हात लावत नाही. कामाच्या नियमांतून. आमच्याकडे टाके घालण्याआधी गॉज (रक्त टिपायच्या कापडी घड्या), सुया, हत्यारं मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी आणली तिच्यातही रुग्णाला बाहेर नेण्याआधी परिचारिकेनं ही मोजणी बरोबर असल्याचं तोंडी सांगायचं असतं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता समजा, एक गॉज कमी भरतो. सर्जन दमलेले आहेत, म्हणतात सुरुवातीलाच चुकीचं मोजलं असेल. सुरुवातीला मोजणारी दुसरी परिचारिका घरी गेली आहे, आणि ती आता मोजणारीची मैत्रीण आहे. सगळी खोली त्या एका बाईच्या तोंडाकडे बघते आहे. मला इथे काही रचावं लागलं नाही. नियमानं सगळं आणून ठेवलं.

प्रत्येक कामात असा एखादा नियम असतो जो मोडायचा मोह कुणाला तरी एखाद्या दिवशी होणारच. तो नियम बाहेरच्याला माहीत नसतो. तुम्ही काय काम करता ते लिहिलेलं नाही, पण तुमच्या कामातही असेल. नसेल तर लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. 'तुमच्या आयुष्यात काय घडलं' असं विचारलं की माणसं आवरून बसतात. 'हे मशीन बंद पडलं तर आधी काय करता' असं विचारलं की तासभर बोलतात, आणि बोलता बोलता बाकीचंही येतं.

कोरं पान

टाकबोरू ताई, मी तुमचं उत्तर छापून वहीत चिकटवलंय. मोजदाद, 'त्या एका बाईच्या तोंडाकडे' वाचून मी थांबलेच. ती कथा तुम्ही लिहाच.

रात्री पहिली आणि चौथी नोंद शेजारी ठेवून पाहिली. 'इथून पुढे वाचू नकोस' आणि खोडलेलं नाव. मग असं आलं की पुस्तक आधी एकानं वाचायचं आणि मग दुसऱ्यानं, असा दोघांचा नेम होता. पहिल्याला माहीत आहे की पुढच्या पानावर जे आहे ते दुसऱ्याला सोसणार नाही. पुढचं अजून दिसत नाही, पण पहिल्यांदाच मला वाटलं की यात कुणीतरी आहे.

दोन शंका. मैत्रीण म्हणते की हल्ली एआयला सांगितलं की दहा कल्पना मिळतात, एवढं कशाला करतेस. आणि दुसरी जुनीच: हे कुणी आधी लिहिलं असेल तर? चोरी होईल का?

मावशीचं कुणी काही बोललं नाही. पासपोर्टची गोष्ट मला लिहावीशी वाटते आहे, म्हणून आता जास्तच काळजी.

दुसरा मसुदा

दोन्ही शंकांना थोडक्यात.

एआयबद्दल एक प्रयोग झालेला आहे, २०२४ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. लोकांना अगदी छोट्या, आठ वाक्यांच्या गोष्टी लिहायला दिल्या. काहींना एआयनं सुचवलेली कल्पना घेण्याची मुभा होती, काहींना नव्हती. मदत मिळालेल्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना अधिक चांगल्या आणि नवीन वाटल्या, विशेषतः ज्यांची कल्पकता मुळात कमी होती त्यांच्या. पण त्या गोष्टी एकमेकींशी जास्त मिळत्याजुळत्या निघाल्या. ताईंच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना पहिलं उत्तरच मिळतं, फक्त नीटनेटकं लिहिलेलं. मी त्याचा उपयोग उलटा करतो: त्यानं सुचवलेलं ते खोडायच्या यादीत.

चोरीचं म्हणाल तर कायदाही कल्पनेला कुंपण घालत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या करारात, कलम ९(२) मध्ये, स्पष्ट आहे की कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला असतं, कल्पनेला नसतं. दुसऱ्याची वाक्यं, प्रसंगांची त्याच क्रमानं केलेली रचना, त्याची बारकाव्यांनिशी घडवलेली पात्रं उचलली तर प्रश्न येतो. 'पासपोर्ट असूनही कुठेच न गेलेली बाई' ही कुणाची मालमत्ता नाही. आधी कुणी लिहिलंय का हे लिहायच्या आधी शोधत बसू नका. मसुदा पूर्ण झाल्यावर शोधा, तोपर्यंत तुमची गोष्ट इतकी तुमच्या वळणानं गेलेली असते की शोधावंसंही वाटत नाही.

टाकबोरू

पुस्तक वाचणाऱ्या दोघांचं छान आहे. त्यातलं कोण आता वाचत नाही, एवढं बघा.

मावशीचं सांगायचं राहिलं ते मुद्दाम, कारण घाईत सांगण्यासारखं नव्हतं. हा प्रश्न मला फार जवळचा आहे. चांगल्या कथा लिहू शकणारी किती माणसं 'घरचे वाचतील' म्हणून पेटीत ठेवून देतात, ते मी बघत आले आहे.

मावशीबद्दल तुम्हाला जे माहीत आहे त्याची या गोष्टीला गरज नाही. तिचं घर, तिची बोलण्याची लकब, तिची दुखणी, यातलं काही लागत नाही. लागतं ते एवढंच की एक बाई न वापरता पासपोर्ट नवा करत राहते. आणि का, ते तुम्हाला माहीत नाही. म्हणजे त्या 'का'च्या जागी तुम्ही जे भराल ते सगळं रचलेलं असेल. मावशी त्यात नसेलच. उलट तुम्ही आज तिला विचारून आलात आणि तिनं खरं कारण सांगितलं, तर मात्र गोष्ट अडचणीत येईल. मग तुमच्या हातात तिचं गुपित असेल आणि ते परवानगीशिवाय वापरू नये. म्हणून लिहून होईपर्यंत विचारू नका.

'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सननं हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये पावसाचे दिवस होते, घरात बारा-तेरा वर्षांचा सावत्र मुलगा, आणि त्याच्याबरोबर रंगवताना त्यांनी एका बेटाचा नकाशा काढला. नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावायला लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हा एक तुकडा. पण त्या गोष्टीत जो एकपायी खलाशी सगळ्यांना लक्षात राहतो, तो आला त्यांच्या मित्रावरून, कवी हेन्ली यांच्यावरून. हेन्लींचा एक पाय आजारात कापावा लागला होता. स्टीव्हन्सननं काय केलं? ज्या मित्राचं त्यांना फार कौतुक होतं, त्याच्यातला चांगुलपणा आणि सगळे नाजूक गुण काढून घेतले. ताकद, धीर, चपळाई आणि दिलखुलासपणा तेवढा ठेवला, आणि ते सगळं एका अडाणी खलाशात घातलं. नंतर हेन्लींना पत्रातून सांगितलंही.

मुखवटा कसा करायचा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. लोक केसांचा रंग बदलतात, गाव बदलतात, मावशीची काकू करतात, आणि माणूस तसंच्या तसं राहतं, घरचे लगेच ओळखतात. बदलायचं ते आतलं. एक मोठा गुण काढून घ्या. तुमची मावशी प्रेमळ असेल तर कथेतली बाई न्यायी असेल पण प्रेमळ नसेल. एवढा एक बदल केलात की ती प्रत्येक प्रसंगात वेगळं वागायला लागते, तुम्हालाही अनोळखी होते, आणि मग तिचं पुढे काय होतं हे तुम्हाला शोधत जावं लागतं. मोजदाद यांनी रुग्णांबद्दल लिहिलं तीच रेघ मी घरच्यांसाठी ओढते: जे विश्वासानं सांगितलं गेलं ते विचारल्याशिवाय नाही, जे तुम्ही नुसतं पाहिलंत ते तुमचं.

आता कामाचं. पूर्ण कथा मनात जुळेपर्यंत थांबू नका. फक्त फॉर्म भरण्याचा प्रसंग लिहा, पहिल्या रकान्यापासून. भाची काय विचारते, मावशी काय उत्तर देते, कुठे दोघी हसतात, कुठे मावशी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं वेळ काढते. ते नाव कुणाचं हे आधी ठरवू नका, माझं उत्तर तर डोक्यातून काढूनच टाका. त्या रकान्याशी पोचलात की मावशीला बोलू द्या आणि भाची ते नाव निमूट टाइप करते की आधी विचारते, हे तिथल्या तिथे लिहा. ते पान झालं की इथे टाका, मी वाचते.